दुपारी दोनपर्यंत मुक्कामी पोहोचा: गावोगाव चालत जाण्याच्या डोंगरसहलीविषयी

पन्नाशीतल्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. एकदिवसीय ट्रेक त्यांनी भरपूर केलेत. आता सलग सात-आठ दिवस डोंगरातून एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जायचं आहे. तंबू नको, रात्री कुणाच्या घरी किंवा साध्या लॉजमध्ये झोपायचं. नकाशावर त्यांनी सहा टप्पे आखले आहेत, प्रत्येक १८ ते २२ किलोमीटरचा, आणि चौथ्या दिवशी मोठी खिंड आहे. हे जमेल का, तयारी कशी करायची आणि सॅकमध्ये काय घ्यायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

जमेल, आणि अशा सहलीसाठी पन्नाशी हे फार चांगलं वय आहे. मात्र हे टप्पे मोडून पुन्हा आखा. अशा सहली आखायचं आणि माणसांना सोबत घेऊन जायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: दुपारी दोनपर्यंत मुक्कामाच्या गावात पोहोचता आलं पाहिजे. टप्पा किती लांब ठेवायचा, निघायचं कधी, ओझं किती घ्यायचं, खिंड कुठल्या दिवशी चढायची, हे सगळं मग या एका वेळेवरून ठरत जातं.

दोनच का, तर पहिलं कारण आभाळात आहे. उन्हाळ्यात डोंगरउतार सकाळपासून तापतात, दमट हवा उताराला धरून वर सरकते आणि दुपारी तिचेच ढग होऊन गडगडायला लागतं. आल्प्स, पिरेनीज, कॉकेशस, रॉकी पर्वत, सगळीकडे उन्हाळ्यात हा क्रम दिसतो. सकाळी सातला ज्या धारेवर निळंशार आभाळ असतं तिथेच तीन-चार वाजता विजा पडत असतात, आणि उघड्या धारेवर विजेपासून लपायला जागा नसते. दुसरं कारण पाण्यात आहे. हिमनद्यांतून निघणारे ओढे पहाटे रोडावलेले असतात; ऊन चढेल तसा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर तेच ओढे फुगतात. कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशात, स्वानेती भागात, मेस्तिया ते उशगुली ही चार दिवसांची वाट आहे. दगडी मनोऱ्यांच्या जुन्या गावांमधून जाणारी ही वाट मला फार प्रिय आहे. तिच्यावर आदिशी गावाच्या पुढे हिमनदीचा असाच एक प्रवाह आडवा येतो. तिथे घोड्यावरून पलीकडे नेणारी माणसं असतात. ज्यांना स्वतःच्या पायांनी उतरायचं आहे त्यांनी सकाळी लवकरच उतरावं. दुपारी त्या पाण्याचा जोर अगदी वेगळा असतो.

तिसरं कारण साधं आहे, पण माझ्या लेखी सगळ्यांत मोठं. दोनला पोहोचायचं ठरवून निघालात आणि वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, पूल वाहून गेल्यामुळे वळसा पडला, तरी उजेडाचे चार-पाच तास हाताशी राहतात. संध्याकाळी सहाला पोहोचण्याचा बेत असेल तर हीच छोटी अडचण अंधारात जाते. अंधारात माणूस घाई करतो आणि पडतो. डोंगरातले बरेचसे अपघात कडेकपारीवर होतच नाहीत. थकलेल्या माणसाचं दिवसाच्या शेवटच्या उतारावर, साध्याच वाटेवर पाऊल चुकतं.

आणि गावाचं काय? दोनला पोहोचलात तर मोजे धुऊन उन्हात वाळतात, पाय मोकळे होतात, घरातल्या माणसांशी बोलता येतं, उद्याच्या वाटेची चौकशी करता येते, तासभर झोप काढून संध्याकाळी गावात फेरफटका मारता येतो. सहाला पोहोचलेला माणूस जेवतो आणि झोपतो. पाच गावं राहून त्यातलं एकही न पाहिलेली माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं.

आता तुमच्या टप्प्यांकडे येऊ. किलोमीटर मोजून डोंगरातला दिवस कळत नाही, तास मोजावे लागतात. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशेब दिला: सपाटीवर तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. तो अजून सगळीकडे सांगितला जातो. पण ती तंदुरुस्त, हलक्या सामानाच्या, न थांबणाऱ्या माणसाची चाल आहे, आणि त्यात उताराला वेळच धरलेला नाही. सॅक घेऊन रोज चालणाऱ्यांसाठी मी जर्मनीत रूढ असलेला हिशेब वापरते. तासाला ४ किलोमीटर अंतर, तासाला ३०० मीटर चढ, तासाला ५०० मीटर उतार. अंतराचे तास वेगळे काढायचे, चढ-उताराचे वेगळे. यातला मोठा आकडा पूर्ण धरायचा आणि लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवायचा.

तुमचा एक टप्पा २० किलोमीटरचा आहे आणि त्यात ११०० मीटर चढ, ९०० मीटर उतार आहे असं धरू. अंतराचे झाले पाच तास. चढाचे पावणेचारच्या आसपास, उताराचे पावणेदोनच्या वर, मिळून साडेपाच. साडेपाचात पाचाचा निम्मा मिळवला की आठ तास. ही निव्वळ चाल झाली. खाणं, पाणी भरणं, फोटो, बुटाची नाडी, दम खाणं यांना दीड तास द्या. सकाळी सातला निघून साडेचार वाजतील, तेही सगळं सुरळीत झालं तर. नेस्मिथच्या हिशेबाने हाच टप्पा सहा तासांच्या आत बसतो, म्हणून कागदावर तो तुम्हाला सोपा वाटला असणार. आता १३ किलोमीटर, ७०० चढ, ५०० उतार असा टप्पा घ्या: पाच तास चाल, वर तास-दीड तास थांबे. साडेसातला निघालात की दोनला गावात. तुमचे सगळे टप्पे या मापाचे करा. सहा दिवसांत जेवढं जायचं ठरवलं होतं तेवढं जाता येणार नाही, वाट अर्ध्यावर सोडावी लागेल. सोडा. उरलेली वाट पुढच्या वर्षी तिथेच असेल.

वाटेवरच्या पाट्यांवर वेळ लिहिलेली असते तेव्हाही हे ध्यानात ठेवा. स्वित्झर्लंडच्या पिवळ्या पाट्या अत्यंत भरवशाच्या आहेत, पण त्यांवरच्या वेळेत थांबे धरलेले नसतात. हिमालयात गावकऱ्यांना विचारलंत तर ते त्यांच्या चालीने सांगतात. म्हणून “किती वेळ लागेल?” असं न विचारता “काल आमच्यासारखे पाहुणे इथून किती वाजता निघाले आणि तिकडे कधी पोहोचले?” असं विचारा. उत्तर बरंच खरं मिळतं.

एकदिवसीय ट्रेक भरपूर केलेल्यांना सलग चालण्यातली एक गोष्ट माहीत नसते. चढाने दम लागतो, तो पाच मिनिटांत बसतो. उतार मात्र मांड्यांत जमा होतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, आणि त्यात त्याचे बारीक धागे दुखावतात. हे दुखणं लगेच येत नाही. एका दिवसाने सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं. एकदिवसीय ट्रेकनंतर तुम्ही तेव्हा घरी असता, म्हणून ते जाणवलं तरी अडत नाही. इथे तिसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना मांड्या भरून आल्याचं कळतं आणि पुढे अख्खी खिंड उभी असते. पहिल्या दिवशी जोशात मोठा उतार धावत उतरणाऱ्यांची तिसऱ्या दिवशीची अवस्था मी पुष्कळदा पाहिली आहे.

यावर उपाय आहे आणि तो चांगला चालतो. स्नायूंना उताराची एकदा सवय झाली की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तितकं दुखत नाही. म्हणून निघण्याआधी दोन महिने आठवड्यातून दोनदा उतरण्याचा सराव करा. टेकडी असेल तर टेकडी, नसेल तर उंच इमारतीचा जिना. वर जा कसेही, उतरा पायांनी, सावकाश, सॅक घेऊन. मैदानावर कितीही किलोमीटर चाललात तरी हे काम होत नाही. शेवटच्या महिन्यात दोन वेळा शनिवार-रविवार लागोपाठ चाला, म्हणजे थकलेल्या पायांनी सकाळी उठून पुन्हा चालणं काय असतं ते शरीराला कळेल. निघण्याआधीचा शेवटचा आठवडा हलका ठेवा. आणि दोघांनी दोन-दोन काठ्या घ्याच. उतारावर गुडघ्यांवरचा भार त्यांनी कमी होतो, ओढा ओलांडताना तिसरा-चौथा पाय मिळतो.

आठवडा बांधायचा कसा? पहिला दिवस अर्धा, तीन-चार तासांचा. प्रवासाने अंग आंबलेलं असतं, सॅकचे पट्टे अजून नीट बसलेले नसतात. दुसरा आणि तिसरा दिवस मघाच्या मापाचा. चौथा दिवस मोकळा ठेवा, त्याला कुठलंही काम देऊ नका. हवा बिघडली तर तो खर्च होईल, कुणी आजारी पडलं तर खर्च होईल, काहीच झालं नाही तर गावात राहा आणि सॅकशिवाय वरच्या कुरणात जाऊन या. खिंड पाचव्या दिवशी. तोवर पाय रुळलेले असतात आणि आदल्या दिवशीची विश्रांती हाताशी असते. खिंडीनंतरचा टप्पा पुन्हा छोटा ठेवा. मोकळा दिवस काढून टाकून एक गाव वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो. माझ्या अनुभवात सहल बिघडते ती बहुतेक वेळा या एका मोहामुळे.

दुसरं म्हणजे वाट अशी निवडा की अधूनमधून ती मोटाररस्त्याला किंवा रेल्वेला शिवेल. माँ ब्लाँभोवतीची प्रसिद्ध वाट साधारण १७० किलोमीटरची आहे, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते आणि तिच्यात एकूण चढ दहा हजार मीटरच्या आसपास भरतो. आकडे ऐकून छाती दडपते. पण ती ठिकठिकाणी दरीत उतरून गावांना भेटते, काही टप्पे बसने गाळता येतात, आणि म्हणूनच पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ती सुचवते, पूर्ण नव्हे, त्यातले पाच-सहा दिवस. जपानमध्ये किसो खोऱ्यातून जुन्या नाकासेन्दो मार्गाचा भाग जातो. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो अशा या मार्गावर ६९ मुक्कामाची ठाणी होती. त्यातल्या मागोमे आणि त्सुमागो या दोन गावांमधली आठ-एक किलोमीटरची चाल तर कुणालाही जमण्यासारखी आहे, आणि खोऱ्यातून रेल्वेही जाते. लडाखमध्ये लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तिमिसगाम अशी गावं जोडणारी शाम खोऱ्याची वाट गावातल्या घरांमध्ये राहून करता येते आणि तिथेही रस्ता फार लांब नसतो. पण लडाखचा दाखला दिला की उंचीबद्दल बोलावं लागतं.

तुमची वाट जर रात्रीच्या मुक्कामासाठी ३००० मीटरच्या वर जात असेल तर टप्पे ठरवायचा अधिकार उंचीला द्या. नियम असा: ३००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झोपायची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपलात तर चालतं. महत्त्व झोपण्याच्या उंचीला आहे. नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिक्रमेत मनांग गावात, साधारण ३५०० मीटरवर, माणसं एक दिवस जास्त थांबतात ते यासाठीच, कारण पुढे ५४१६ मीटरची थोरोंग ला खिंड आहे. विमानाने लेहला उतरणारा माणूस तर तासाभरात ३५०० मीटरवर पोहोचतो. त्याने निदान दोन दिवस नुसतं बसून राहावं.

डोकं दुखणं, त्याबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गळून गेल्यासारखं वाटणं, ही उंची बाधल्याची लक्षणं समजा आणि ती जाईपर्यंत वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला वाढला, तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा, रात्र असली तरी. ॲसिटाझोलामाइड ही गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. तंदुरुस्तीचा आणि उंची बाधण्याचा संबंध नाही. जो वेगाने चढतो त्याला उलट जास्त त्रास होतो, कारण तो लवकर वर पोहोचतो.

राहायच्या जागा आधी ठरवा. तंबू नसलेल्या माणसाला मुक्काम भरला असेल तर दुसरा उपाय नसतो. पुढचं गाव आणखी चार तासांवर असतं. माँ ब्लाँच्या वाटेवर जुलै-ऑगस्टच्या जागा कित्येक महिने आधी संपतात. घरात राहणार असाल तर ठरवताना जेवण किती वाजता, अंथरूण-पांघरूण मिळेल का, फोन चार्ज करता येईल का, एवढं विचारा. आणि सगळ्यांत उपयोगाचा प्रश्न: आमच्या तारखेला वाट उघडी असते का? आल्प्समध्ये जूनच्या मध्यापर्यंत खिंडींच्या उत्तरेकडच्या अंगाला टणक बर्फाचे पट्टे राहतात, आणि तिथे घसरलं तर थांबता येत नाही. कॅलेंडरपेक्षा त्या घरातल्या माणसाला जास्त कळतं.

सॅकबद्दल लोक मला सगळ्यांत जास्त विचारतात, आणि खरं तर यात सांगण्यासारखं कमी आहे. तंबू, भांडी, धान्य काही न्यायचं नसल्यामुळे पाणी धरून सहा ते आठ किलोत भागलं पाहिजे. ३०-३५ लिटरची सॅक पुरते. कपड्यांचे दोन जोड: एक चालायचा, एक कोरडा. कोरडा जोड घालून कधीही चालायला निघायचं नाही, चालायचा जोड सकाळी ओला असला तरी तोच चढवायचा. हे एकच शिस्तीने पाळा. वरच्या पावसाळी आवरणाने सॅक आतून कोरडी राहत नाही, म्हणून आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. ऊबदार जाकीट, पावसाचं जाकीट, टोपी, हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च, शिट्टी, रोजची औषधं, अंथरुणात घालायची पातळ रेशमी खोळ. सुती कपडे आणि जीन्स नकोत. भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात.

सामान एका गावाहून दुसऱ्या गावी गाडीने पोचवायची सोय असेल तर ती खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त जाकिटं, टॉर्च, औषधं आणि खाऊ पाठीवरच ठेवा. गाडी कधी कधी येत नाही. जिथे रस्ता नाही तिथे भारवाहक असतो. त्याला ठरल्यापेक्षा जास्त वजन देऊ नका. त्याच्याकडे थंडीचे कपडे आणि बूट आहेत का, रात्री तो कुठे झोपणार आहे आणि त्याचा विमा आहे का, हे तुम्ही स्वतः विचारा. दलालाने सांगितलं म्हणून धरून चालू नका. तुमच्या आधी तो दमला, आजारी पडला, तर त्याची काळजी घेणारं तिथे तुमच्याशिवाय कुणी नाही.

पायांना मात्र वेळ द्या. एकदिवसीय ट्रेकमध्ये आलेला फोड घरी जाऊन बरा होतो. इथे दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच चालायचं असतं. फोड येण्याआधी त्या जागी चटका बसल्यासारखं होतं. तेव्हाच थांबा, सगळे पुढे गेले तरी थांबा, बूट काढा, जागा कोरडी करा, चिकटपट्टी लावा. “पुढच्या वळणावर बघू” म्हणणाऱ्याचीच टाच सोलते. दुपारी जेवायला बसाल तेव्हा बूट-मोजे दोन्ही काढा आणि दुसरे मोजे चढवा. बूट घेताना मोजे घालून उतरत्या फळीवर उभे राहून पाहा. अंगठा पुढे टेकला तर एक माप मोठा घ्या, नाहीतर लांब उतारावर नखं काळी पडतात. नखं निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कापा. नवे बूट या सहलीला नेऊ नका.

वाट बहुतेक वेळा गावाजवळ चुकते. वरच्या निर्जन भागात मळलेली वाट एकच असते, पण गाव जवळ आलं की सरपणाच्या वाटा, पाण्याच्या वाटा, ढोरवाटा फुटतात आणि त्या मुख्य वाटेहून रुंद दिसतात. ढोरवाट ओळखायची खूण म्हणजे ती उताराला आडवी, एकसारख्या पातळीवर जाते आणि कुरणात जाऊन विरते. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये म्हणूनच जास्त वेळा नकाशा पाहा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. विमान मोडमध्ये ठेवला तरी बहुतेक फोनवर जागा दिसते आणि बॅटरी खूप टिकते. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा. कागदी नकाशा सोबत असावाच. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा-लाल पट्टा म्हणजे वाट बरोबर, आणि त्याच रंगांची फुली म्हणजे इकडे जाऊ नका. ती फुली न पाहता दोन तास उतरून गेलेली माणसं दर वर्षी भेटतात.

कुरणात मेंढ्यांचा कळप आडवा आला तर राखणीचा मोठा कुत्रा जवळपास असतोच. आल्प्समध्ये आहे, कॉकेशसमध्ये आहे, हिमालयात आहे. कळपाच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. कुत्रा धावून आला तर उभे राहा, शांत आवाजात बोला, काठी उगारू नका, पळू तर मुळीच नका. तो तुम्ही कोण ते पाहायला आलेला असतो. कळप मागे पडला की तोही परततो.

पाणी उकळलेलं, नाहीतर गाळून शुद्ध केलेलं. वरच्या बाजूला जनावरं चरत असतात, त्यामुळे ओढा कितीही नितळ दिसला तरी तसाच पिऊ नका. क्लोरीनच्या गोळ्या चालतात, पण काही चिवट जंतू त्यांना दाद देत नाहीत. उकळणं सगळ्यांवर चालतं, उंचीवरसुद्धा.

खिंडीच्या दिवशीचा निर्णय आदल्या संध्याकाळी घ्या, खिंडीच्या पायथ्याशी उभं राहून नाही. तिथे उभं राहिलेल्या माणसाला परत फिरणं फार जड जातं. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या हुडहुड चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी थोरोंग ला परिसरात प्रचंड बर्फ पाडला आणि नेपाळच्या त्या भागात चाळीसहून जास्त माणसं दगावली. ऑक्टोबर हा तिथला सगळ्यांत चांगला महिना मानतात. तेव्हा हंगामावर भिस्त ठेवू नका. रोज संध्याकाळी अंदाज पाहा, घरमालकाला विचारा, आणि तुम्हा दोघांपैकी एकानेही नको म्हटलं तर चर्चा न करता थांबा. हा नियम निघायच्या आधी घरीच ठरवून घ्या. खिंडीच्या दिवशी पहाटे पाचला निघा, आणि सकाळी अकरापर्यंत माथा गाठला नाही तर जिथे असाल तिथून मागे फिरा. गडगडाट ऐकू आला की धार सोडून खाली या. एकट्या झाडाखाली किंवा कपारीच्या तोंडाशी उभे राहू नका.

दोघांच्या चालीत फरक असेल, असतोच. हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. नाहीतर मागे राहिलेला माणूस दमत दमत पोहोचतो तेव्हा पुढचा विश्रांती घेऊन उठत असतो, आणि ज्याला विश्रांतीची गरज जास्त त्यालाच ती मिळत नाही. दिवसभर हे चाललं की तिसऱ्या दिवशी बोलणं बंद होतं.

विमा काढताना हेलिकॉप्टरने सुटका आणि तुमची सर्वांत जास्त उंची हे दोन्ही त्यात आहे का ते वाचून घ्या. पुष्कळ विमे ठरावीक उंचीच्या वर लागूच होत नाहीत. मदत मागायची जगभर मान्य असलेली खूण: मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. मिनिटाला तीनचं उत्तर आलं की तुमचा आवाज पोहोचला आहे. युरोपात फोनवर ११२.

आणि रोज सकाळी निघताना पुढच्या गावच्या घरी कळवा की आम्ही निघालो, दोनपर्यंत पोहोचू. निघायचंच नाही असं ठरलं किंवा अर्ध्या वाटेवरून फिरलात, तर तेही त्यांना तितक्याच तत्परतेने कळवा. फोन लागत नसेल तर तिकडे जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप द्या. तुम्ही आला नाहीत की डोंगरातली माणसं बुकिंग रद्द झालं असं समजत नाहीत. ती टॉर्च घेऊन तुम्हाला शोधायला निघतात.